सांगलीत न आलेला भूकंप

बसा. चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सांगलीतली एक अख्खी गल्ली मी भर दुपारी रस्त्यावर काढली होती. तेही पोरगी बघायला गेलेली असताना!

आमचा लेक विक्रम फौजेत. घरी ऊस. हल्ली शेतकऱ्याला पोरगी देत नाहीत आणि फौजीलाही देत नाहीत. आमचा तर दोन्हीकडून नापास! रजा संपत आली होती, तेवढ्यात हे स्थळ आलं. पोरगी मृणाल, पुण्यात खोल भूकंपांचा अभ्यास करणारी. निघताना आमचे हे म्हणाले, "तितं जरा त्वांड आवर. ही बी गेली तर पोरगं असंच ऱ्हाईल."

"मी कवा काय बोलती?" म्हटलं. गाडीतला ड्रायव्हरसुद्धा हसला मेला.

गेलो सांगलीला तिच्या घरी. पोहे आले. मी गप्प बसले. पण किती वेळ बसणार? माझं माहेर पाटण खोऱ्यातलं. आमच्याकडं जमीन हलली की आधी पळायचं, मग विचारायचं कशानं हलली. पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. तेव्हा भूकंपाचं मला कोण शिकवणार? मी विचारलंच, "खोल म्हंजे किती गं? हिरीएवढं?"

"नाही काकू. सहाशे किलोमीटर."

"आगं, तितं तर नुसती भट्टी आसंल!"

पोरगी खुशीत आली. म्हणाली, "समुद्राच्या तळाची दगडाची लादी असते, ती दुसऱ्या लादीखाली तिरकी घुसत जाते. एवढ्या खोल उष्णता आणि दाब इतका, की दगड मोडायलाच नको. गुळाच्या गरम पाकासारखा नुसता वाकायला हवा. तरी मोडतो!"

"का?"

"लादी थंडच आत शिरते आणि तिचं पोट लवकर तापत नाही. मग दाबानं आतल्या कणांची घडणच बदलते. पातळ पातळ पट्ट्यांत. त्या पट्ट्यांवरून दगड एकदम सटकतो, असं काही जण म्हणतात. नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणून तर मी शिकतेय."

एवढं शिकून नक्की माहीत नाही! पण मी तोंड आवरलं. मग तिनं लॅपटॉप उघडून विक्रमला भूकंपाच्या रेघा दाखवायला घेतल्या. दोघं जवळ जवळ वाकलेली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात लॅपटॉप टिंग टिंग वाजला, रेघ उड्या मारायला लागली आणि पोरगी किंचाळली, "आला! आला! भूकंप! केवढा मोठा!"

झालं! मी डोळे मिटले, समोरचा हात धरला आणि सुटले. "पळाऽऽ! भाईर निगा! भूकंप आलाऽऽ!" पळता पळता मनात आलं, माझ्या लेकराचा हात केवढा बारीक झालाय, फौजेत खायला घालत न्हाईत का काय?

माझा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. अख्खी गल्ली बाहेर. एक बाई शिट्टी मारणारा कुकर घेऊन आली. एक गृहस्थ अर्धीच दाढी केलेले. आणि माझ्या हातात बघते तर मृणाल!

"काकू," ती धापा टाकत म्हणाली, "भूकंप इथं नाही! पॅसिफिक महासागरात!"

"मंग वरडलीस कशाला?"

"आनंदानं! एवढा खोल आणि एवढा मोठा भूकंप क्वचितच येतो!"

अर्धी दाढीवाले माझ्याकडं वळले. "बाई, तिकडच्या भूकंपाला आम्ही इथं पळायचं होय?"

आत आले तर आमचे हे आणि विक्रम जागचे हलले नव्हते. पोहे खात होते! पोरीचे वडील भिंतीकडं बघत होते. परतीच्या वाटेवर यांनी एकच वाक्य उच्चारलं, "ग्येली ही बी."

आणि संध्याकाळी त्याच वडिलांचा फोन. पोरगी तयार! म्हणाले, "मृणाल म्हणते, घर पडतंय असं वाटल्यावर काकूंनी पोटचा मुलगा आत सोडला आणि आधी मला बाहेर काढलं. अशी सासू शोधून सापडणार नाही."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

लग्न थाटात झालं. आता येईल त्या पाहुण्याला सूनबाई हे कौतुक सांगते, डोळ्यांत पाणी आणून सांगते. परवा विक्रम रजेवर आला होता. तिच्यासमोरच मला म्हणाला, "आई, एक इचारू? मला तसाच मरायला सोडून कशी गं पळालीस?"

सून माझ्याकडं मायेनं बघतेय. लेक तोंड पाडून बसलाय. आणि मी, जिच्या तोंडाला गाव भितं, ती मुकाट भाजी निवडतेय.

कसं सांगू त्याला? आरं मुडद्या, मी तुलाच वढत हुते!