सातव्या मजल्यावरचा नकार

आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत, एक स्क्वॉश कोर्ट होतं. तिथे कोणी स्क्वॉश खेळताना मी कधी पाहिलं नाही. मोडक्या सायकली, कोणाचा तरी बंद पडलेला ट्रेडमिल आणि गळक्या छताखाली ठेवलेली निळी बादली, एवढाच त्याचा संसार. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या आमच्यासारख्या जुन्या कॉन्डोत असं एखादं अडगळीचं ठिकाण असतंच आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी बोलले. गप्प बसणं मला जमत नाही, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे.

मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात गणित शिकवत होते. नवरा मरीन इंजिनियर. त्याच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो, माझी नोकरी तिकडेच राहिली, पण शिकवायची खोड सोबत आली. एकदा गेटवरच्या सिक्युरिटीतल्या बाईंनी मला थांबवून एक समीकरण दाखवलं आणि हे कसं सोडवायचं म्हणून विचारलं. मला वाटलं, मुलीचा अभ्यास असेल. तो त्यांचा स्वतःचा होता. पन्नाशी उलटलेल्या या मलय बाईंची शाळा लहानपणीच सुटली होती आणि आता त्यांना बाहेरून ओ-लेव्हलची, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीची, गणिताची परीक्षा द्यायची होती. कशासाठी, असं मी विचारलं. "राहून गेलंय म्हणून," त्या म्हणाल्या. मला हे कारण एकदम आवडलं.

बार्बेक्यूच्या ओट्यापाशी दगडी टेबलं आहेत, तिथे आमचा संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. हळूहळू दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी आल्या, घरकामाला असलेल्या दोघी फिलिपिनो मुली आल्या. पण आठवड्यातून दोनदा तरी पाऊस यायचा आणि वर्ग उठायचा. बाकीच्या दिवशी डास. फंक्शन रूममध्ये सतत कोणाचा तरी वाढदिवस. त्या बाईंची परीक्षा येत्या वर्षाच्या अखेरीला होती आणि अशा पावसात धुऊन जाणाऱ्या वर्गावर त्या पास होणं कठीण होतं. मग मी ठरवलं की स्क्वॉश कोर्टाची शिकायची खोली करायची.

इथे अशा कामाचा ठराव मालकांच्या वार्षिक सभेत मांडावा लागतो. पास झाला की खर्च सगळ्यांवर बसतो, ज्याला खोली हवी त्याच्यावर आणि ज्याला नको त्याच्यावरही. त्यामुळे नोटीस लागली त्याच दिवशी विरोध सुरू झाला. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे न बघता मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला लागले. "शिकणारे निम्मे लोक इथे राहतसुद्धा नाहीत," असं मला ऐकू जाईल इतक्या आवाजात कोणीतरी म्हणालं. विरोधी पक्ष आमच्या घरातही होता. नवरा तेव्हा बोटीवरून सुट्टीवर आला होता. "लोकांच्या शाळेचे पैसे आपण का भरायचे?" त्याने पोहे खाता खाता विचारलं. आमचं घर दोघांच्या नावावर आहे आणि घराचं मत एकच, त्यामुळे दोघांचं एकमत होईपर्यंत मला स्वयंपाकात फारसा रस उरला नव्हता.

पण विरोधाचा खरा आवाज सातव्या मजल्यावरचा होता. तिथे एक चिनी आंटी एकट्या राहतात. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने काडी, आवाज मात्र पोलिसी. मी मत मागायला गेले तेव्हा त्यांनी जाळीचं लोखंडी दार उघडलं नाही. जाळीतूनच म्हणाल्या, "मी नो म्हणणार. कारण ऐकायचंय?"

मी हो म्हटलं.

"माझा नवरा गेला. बँकेत जे आहे ते खाऊन मी जगते. एक वर्षी लिफ्ट, एक वर्षी रंग, आता तुझी शाळा. मी स्वतः शाळेत गेले नाही, कारखान्यात गेले. तीन मुलांना शिकवलं, तिघंही ऑस्ट्रेलियात. अजून कोणाकोणाला शिकवायचं मी? तू सांग, लाह."

'लाह' हे इथल्या बोलण्यातलं शेपूट, आपल्या 'ना'सारखं. तिथे दारात उभ्या उभ्या मला त्यांचं म्हणणं पटलं आणि तरीही त्यांचं मत मला हवंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला या वयात तिथे कळलं.

मध्ये संक्रांत आली. दर संक्रांतीला मी आमच्या ब्लॉकमधल्या घरांत तिळगूळ वाटते. पुण्याहून चिकीचा गूळ आणते, लाडू वळते आणि छोट्या स्टीलच्या डब्यांतून देते. पहिल्या वर्षी लोक गोंधळले होते, आता सवय झाली आहे. डबा रिकामा परत द्यायचा नाही हे आपल्यासारखंच इथल्या चिनी घरांतही पाळतात, म्हणून सातव्या मजल्यावरून दर वर्षी त्यांच्या नवीन वर्षाला माझा डबा दोन संत्री घालून परत येतो. दोनच, जोडीनं, कारण त्यांच्यात जोडी शुभ. एक कधीच नाही.

यंदा मला वाटलं, घरोघरी जायचंच आहे तर हेलपाटा वाचवावा. म्हणून एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात खोलीच्या ठरावाचा कागद घेऊन मी सगळ्या मजल्यांवर फिरले. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे मी दर वर्षीसारखं इंग्रजीत समजावून सांगत होते. घरी आल्यावर आमची मुलगी म्हणाली, "आई, धिस लुक्स लाइक ब्राइब, लाह."

"आपल्याकडे संक्रांतीला देतात," मी म्हटलं.

"विथ अ पॅम्फलेट?"

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्या दोघांना उडवून लावलं. लाडवाने मतं मिळत असती तरी माझ्या लाडवांनी नक्कीच नसती मिळाली, ते दगडासारखे होतात हे घरात कोणीही सांगेल.

चिनी नवीन वर्ष आलं. बाकीच्या घरांतून डबे परत आले, कोणी बिस्किटं घातली, कोणी अननसाच्या छोट्या पेस्ट्री. सातव्या मजल्यावरून काही आलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी मनाला लावून घेतलं. मत नको द्या, पण संत्री कशाला बंद करायची, असं मी नवऱ्याला चारदा ऐकवलं.

सभा फंक्शन रूममध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फुल लावलेला एसी, मागे चहाचा थर्मास. माझा ठराव आला आणि चर्चा सुरू व्हायच्या आतच एक गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या हातात माझा कागद होता. ठराव मांडणाऱ्या बाईंनी घरोघरी भेटवस्तू वाटल्या, ही मतं विकत घेण्याची रीत आहे, सरळ लाच आहे, असं ते म्हणाले. खोलीत कुजबुज झाली. सिंगापूरमध्ये हा शब्द कोणी हलक्यात घेत नाही. मी उभी राहिले, पण तोंडातून धड इंग्रजी येईना, धड मराठी येईना. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, शंका आलीच आहे तर ठराव पुढच्या वर्षावर ढकलावा, सगळ्यांनाच बरं.

पुढच्या वर्षावर म्हणजे सिक्युरिटीतल्या बाईंची परीक्षा गेली. मी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे त्या ड्यूटीवर उभ्या होत्या, गणवेशात, आणि आत काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आंटी उठल्या. त्यांच्या बाजूच्या लोकांनी टाळ्यांची तयारीच केली. न मागता जिंकायची संधी आली होती, त्यांनी नुसतं बसून राहायचं होतं.

"ती मला दर वर्षी देते," त्या म्हणाल्या. "वोट असो, नसो. पहिल्या वर्षी मला वाटलं हिला काहीतरी पाहिजे. मी वाट बघत बसले. तिने काही मागितलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिलं. दगडासारखं कडक असतं. मी दर वर्षी खाते. या वर्षीपण खाल्लं." मग आंटी त्या गृहस्थांकडे वळल्या. "आणि मी अजून नो आहे. एका लाडवाने फिरेल असला माझा नो नाही. तुझा आहे?"

गृहस्थ बसले.

"पुढच्या वर्षी वगैरे नको," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "हात मोजा. हरायचं तर मोजून हरू."

मी आयुष्यात बरेच हुशार लोक पाहिले आहेत, चांगलेही पाहिले आहेत. पण स्वतःच्या विरोधकाचं नाव आपल्या हाताने धुऊन देणारं आणि मग त्याच हाताने त्याच्याविरुद्ध मत देणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विरोधाचे हात मागितले तेव्हा त्यांचा हात सगळ्यांत आधी वर गेला, सरळ, ताठ, कानाला चिकटून. मी बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांच्या नकारामुळे. बाजूने हात मागितले तेव्हा आमच्या घराचा म्हणून माझ्या शेजारून नवऱ्याचा हात वर गेला. कोपरापर्यंतच, पण गेला. आणि ठराव थोडक्यात पास झाला. आंटींच्या रांगेतल्या काही जणांनी दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवले होते.

मी आंटींपाशी जाईपर्यंत त्या निघून गेल्या होत्या. घरी पोचले तर आमच्या दाराशी स्टीलचा डबा ठेवलेला होता. आत दोन संत्री होती. साल सैल झालेली, देठाचं पान वाळून चुरा झालेलं. नवीन वर्षाचीच ती संत्री होती. सभेआधी परत दिली असती तर देवाणघेवाण दिसली असती, म्हणून त्यांनी ती मोजणी होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवली होती. मला जे सुचलं नाही ते त्यांनी इतके दिवस पाळलं होतं. आम्ही तिघांनी ती संत्री सोलून खाल्ली. आतून गोड होती.

स्क्वॉश कोर्टाचं काम सुरू झालं तशी आंटी रोज प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन समोर बसायला लागल्या. रंगाचे डबे कुठे चाललेत, प्लायवूड किती उरलं, सगळ्यावर नजर. कंत्राटदार त्यांना घाबरायचा. खोली तयार झाल्यावर त्या एकदा आत आल्या, जिथे कोणी बसलं नव्हतं तिथला पंखा बंद केला आणि "सगळ्यांचे पैसे आहेत," म्हणून निघून गेल्या. त्यानंतर रोज वर्ग सुटला की त्या दिवे बघायला खाली यायच्या. वर्षअखेरीला परीक्षा झाली.

पुन्हा संक्रांत आली आणि त्याच आठवड्यात निकाल लागले. मी डबा घेऊन सातव्या मजल्यावर गेले. या वेळी लोखंडी दारही उघडलं. डबा घ्यायच्या आधी आंटींनी माझा दुसरा हात रिकामा आहे ना ते बघितलं.

"या वर्षी वोट आहे?"

"नाही, आंटी."

"आणि गेटवरची? पास?"

"पास."

मग त्यांनी डबा घेतला, झाकण उघडलं, त्यातला एक लाडू निवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटली.

"हा तिला दे," त्या म्हणाल्या. "सांग, जिने नो म्हटलं होतं तिच्याकडून."