हजेरीबाईंची बढती

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात हजेरीबाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं त्या फाटकापाशी रजिस्टर घेऊन बसल्या. नऊ वाजून एक मिनिटाने आला, की लाल फुली. यमदूत आला तरी बाई आधी त्याला उशीर का झाला ते विचारतील, असं कामगार म्हणत.

एकदा मालक कुठल्याशा परिषदेला तीन दिवस जाऊन आले आणि येताना नवं खूळ घेऊन आले.

"बाई, आता नुसती हजेरी पुरे. घर आणि काम यांचा तोल सांभाळला पाहिजे. ते तुमच्याकडे."

बाईंच्या दारावर 'मनुष्यबळ विकास' अशी चकचकीत पाटी लागली. आतली खुर्ची तीच, डुगडुगणारी.

तोल म्हणजे नेमकं काय, हे बाईंना कुठून कळणार? त्या स्वतः रविवारीसुद्धा पत्रकं घरी नेत. त्यांनी आपल्या अकलेप्रमाणे हास्यवर्ग काढला. दर सोमवारी साडेआठला, सक्तीचा. न हसणाऱ्याला फुली. साठ माणसं गोडाउनमध्ये रांगेत उभी राहून, दात काढल्यासारखी तोंडं करून हा हा करत. कुत्री भुंकायची.

तिसऱ्या सोमवारी त्यांनी लेथवरच्या काकांना बोलावून घेतलं. हा म्हातारा बारा वर्षं रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येई. त्याचं पान लाल फुल्यांनी गोवर उठल्यासारखं दिसे.

"काका, हसायलाही उशीर?"

"बाई, घरवालीला लकवा मारलाय. सकाळी तिला उठवायचं, हातपाय चोळायचे, भरवायचं. नऊला तिची बहीण येते, मग मी निघतो."

"बारा वर्षांत कधी बोलला नाहीत."

"रजिस्टरात त्याला रकाना कुठाय?"

बाईंना चपराक बसावी तसं झालं. बारा वर्षं आपण या माणसाला कामचुकार समजत आलो. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या वही घेऊन प्रत्येक यंत्रापाशी गेल्या. किती वाजता यायला जमेल, एवढंच विचारलं. उत्तरं तऱ्हेतऱ्हेची. कुणाची मुलं शाळेत सोडायची, कुणाच्या नळाला आठनंतर पाणी. पॅकिंगवाल्या एकाने दुपारी डुलकीसाठी तास मागितला, त्याला बाईंनी नजरेनेच उत्तर दिलं. हास्यवर्ग बंद करून त्यांनी नियम काढला: आठ ते दहा कधीही या, पण आठ तास भरा. आणि रजेवरच्या माणसाला फोन करायचा नाही.

मालक भडकले. "मी तोल सांभाळा म्हटलं होतं, सर्कस काढा म्हटलं नव्हतं."

"साहेब, तोल सांभाळायला सर्कशीतच शिकवतात."

मालकांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली. मुदतीत आभाळ कोसळलं नाही. दोघंतिघं लबाड दहाला येऊन पाचला पसार होत, त्यांना बाईंनी फाटकातच गाठलं. काका मात्र साडेनऊच्या ठोक्याला लेथवर उभे असत.

मग बाईंच्या नवऱ्याने विचारलं, "ही योजना आमच्या घराला कधी लागू होणार?"

बाईंनी चार दिवस रजा टाकली. एकोणीस वर्षांतली पहिली. दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन आला.

"बाई, ती नव्या कामगारांची यादी कुठे आहे?"

"साहेब, मी रजेवर आहे," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

ठेवला खरा, पण पाच मिनिटांत त्या उलट फोन करायला उठल्या. नवऱ्याने फोन उचलून आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाला, "यादी शोधतील. हातपाय आहेत त्यांना."

बाई चिडल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि आडव्या झाल्या. उठल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. नवऱ्याने चहा केला होता, तोही साखर विसरून. बाईंनी तो मुकाट्याने प्यायला आणि आणखी अर्धा कप मागितला.