नकलेतला खोकला

ही गोष्ट मी आजवर निदान शंभर बैठकांत सांगितली असेल. लग्नाच्या मांडवात, सहलीच्या बसमध्ये, एकदा तर एका तेराव्याला, आणि तिथेही लोक हसले. ती सांगायची माझी एक पद्धत आहे. आधी पाण्याचा घोट घ्यायचा, मग छातीवर हात ठेवून गंभीरपणे म्हणायचं, "मंडळी, मी एकदा एक खोकला तासभर कोंडून ठेवला होता." शेवटी तो खोकला सुटतो, टाळी पडते, चहा येतो आणि मी थांबतो. गोष्ट मात्र तिथे थांबलेली नाही. उरलेला भाग लिहू का, असं मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. पण अर्धी नको लिहूस."

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची दिवाळी. मी एकोणीस वर्षांचा, पुण्याला कॉलेजात जाणारा, आणि पिंपरीच्या आमच्या गावठाणात नकला करणारं कार्टं म्हणून प्रसिद्ध. दादा, म्हणजे वडील, नव्या औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर मुकादम होते. गणपती गेले आणि मला ताप धरला. दसऱ्याच्या आधी छातीत डावीकडे पाणी झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी बरगड्यांमधून लांब सुई घालून ते काढलं. गुळाच्या पाण्यासारखं पिवळट, बाटलीभर. मी बाटलीकडे बघून विचारलं, "डॉक्टर, यात बर्फ घालायचा का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "नव्वद इंजेक्शनं, तीन महिने अंथरूण आणि तोंड बंद." पहिल्या दोन गोष्टी मी करू शकलो असतो.

सुया पुण्याहून आणाव्या लागत. दादा वैतागून म्हणायचे, "हितं दवाईचा कारखाना मी बांधतोय, आन् माझ्याच पोराला दवाई पुन्याची!" तिथे होणारं औषध वेगळं आणि मला लागणारं वेगळं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

गावात विषमज्वर म्हणून सांगितलं होतं. खरा शब्द घरातही कुणी उच्चारत नसे. माझं ताट-तांब्या वेगळा होता, पण तो अक्का मागच्या अंगणात, शेजारणींची पाठ असेल तेव्हा, उकळत्या पाण्याने आणि राखेने घासायची. ही सगळी लपवाछपवी तिच्यासाठीच होती. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, सातवी पास, उंच, सावळी, आणि दोन स्थळांनी परत पाठवलेली. छातीचं दुखणं असलेल्या घरातली मुलगी त्या काळी कुणी करत नसे. माझं दुखणं फुटलं असतं तर तिचं लग्न व्हायचं नाही, हे भिंतींनाही ठाऊक होतं.

धनत्रयोदशीला मामा आला. आईचा भाऊ, गावोगावची लग्नं जमवणारा. ओट्यावर पाय धुता धुताच त्याने बातमी सांगितली.

"पोरगा चाकनला शाळामास्तर हाय. आई-बाप न्हाईत, चुलत्यानं वाढवलाय. पांडव पंचमीला बघाया येत्यात. पर चुलत्याच्या कानावर गेलंय, पोरीच्या भावाला छातीचं काईतरी हाय. म्हनला, भाऊ बैठकीत दिसला पायजे."

"दिसंल की," दादा म्हणाले.

"नुसतं दिसून भागायचं न्हाई, दाजी. बोलला पायजे, खाल्लं पायजे. आन् खोकला न्हाई पायजे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात एवढी मोठी भूमिका मला कुणी दिली नव्हती. मी आनंदाने उठून बसलो आणि ताबडतोब खोकलो.

त्या दिवाळीत गावाने फटाके उडवले आणि आम्ही तालमी केल्या. अक्का गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन समोर बसायची. पहिल्या दिवशी सात मिनिटं जमली. खोकला येतो कशाने, याचा आम्ही अभ्यास केला. खोल श्वास घेतला की, हसू आलं की आणि धूर गेला की. मग युक्त्या निघाल्या. दादांचा पंचा बरगड्यांभोवती आवळून बांधायचा. ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरायचा. श्वास चिमणीने पाणी प्यावं तसा थोडा थोडा घ्यायचा. आणि सगळ्यांत नामी युक्ती, हाताची घडी घालून उजवा तळहात डाव्या काखेखाली गच्च दाबायचा. बरगडी धरून राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, मुलगा ऐटीत बसलाय. ही युक्ती माझी स्वतःची, असा माझा समज होता.

आईने माझ्या पांढऱ्याफटक गालांसाठी खोबरेल तेलात चिमूटभर कुंकू कालवलं. मी आरशात बघितलं. "आई, हा पाहुण्यांना दाखवायचा मुलगा आहे की तमाशातला नाच्या?" ती म्हणाली, "गप बस, आन् पुसू नगंस."

भाऊबीजेला अक्काने मला अंथरुणावरच ओवाळलं. "ओवाळणी काय घालशील?"

"पंचमीला तासभराचं मौन," मी म्हणालो. "खोकल्याचं."

"त्यापेक्षा दुसरी घाल. खोकला आला तर खोक. कोंडून रक्त पडलं तर माझं लग्न घेऊन मी काय करू? पुढच्या वर्षी ओवाळायचं कुणाला?"

"चंद्राला ओवाळ. चालतं."

तिने माझ्या डोक्यात टपली मारली, पण जपून, छातीला धक्का लागणार नाही अशी.

पंचमीला दुपारी पाहुणे आले. चुलता धिप्पाड, झुपकेदार मिशांचा. मुलगा सडपातळ, नीटनेटका, आणि उन्हातही कोटाची सगळी बटणं लावलेला. अक्का आली, नमस्कार करून बसली. चुलत्याने तिला सातवीची एक कविता म्हणायला सांगितली, ती तिने न अडखळता म्हटली. मग त्यांनी मोर्चा माझ्याकडे वळवला.

"काय कॉलेजकुमार, तब्येत कशी हाय?"

"ठणठणीत. विषमज्वर आला होता, पण माझी बडबड ऐकून तोच कंटाळून गेला."

चुलता हसला. मामाने सुटकेचा श्वास सोडला. मी चकली खाल्ली, लाडू खाल्ला, कॉलेजातल्या गमती सांगितल्या. पाऊण तास निघाला. आणि मग बाहेर कुणीतरी उरलेली लवंगी माळ लावली. खिडकीतून धुराचा लोट सरळ माझ्या तोंडावर आला.

छातीच्या तळाशी काहीतरी हललं. मी श्वास रोखला. ते वर सरकलं. मी पाणी प्यालो, ते पाण्यालाही ओलांडून वर आलं. डोळे भरले. दाराच्या चौकटीपाशी अक्का उभी होती. तिने मान हलवली. खोक, खोक, असं ती सांगत होती.

तेवढ्यात मला वाट सापडली. "पाहुणं," मी ओरडलो, "आमच्या गावच्या चिलीमवाल्या म्हाताऱ्याची साक्ष तुम्ही ऐकलीय का?" आणि उत्तराची वाट न बघता उभा राहिलो. खेडच्या कोर्टात मारामारीचा खटला. म्हातारा साक्षीदार. दोन्ही बाजूंची त्याला भीती. वकील विचारतो, "भांडण झालं तेव्हा तुम्ही कुठं होता?" म्हातारा कमरेत वाकून खोकतो. "पहिला दगड कुणी मारला?" म्हातारा पुन्हा खोकतो, खांबाला धरून खोकतो, न्यायाधीशांच्या टेबलावर हात टेकून खोकतो. शेवटी न्यायाधीश म्हणतात, "पुरे! याला पाणी द्या, आणि दुसरा साक्षीदार आणा!"

दोन महिन्यांचा साठलेला खोकला मी त्या म्हाताऱ्याच्या नावावर मनसोक्त खोकून घेतला. चुलत्याने मांडीवर थाप मारली. "आरं, काय नक्कल हाय! जनू खराच खोकला!"

बैठकीत मी इथे थांबतो.

मी घाम पुसत खाली बसलो आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. नकला करणाऱ्याची ती सवय असते, कोण किती हसलं ते मोजतो. चुलता हसत होता, मामा हसत होता, दादा तर रडत हसत होते. मुलगाही हसत होता, पण फक्त ओठांनी. खांदे हलत नव्हते. श्वास बारीक, घोट घोट चालला होता. आणि त्याच्या हातांची घडी होती. उजवा तळहात डाव्या काखेखाली गच्च दाबलेला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात काढला नाही.

हात धुवायला तो मागच्या अंगणात आला. मी तांब्याने पाणी घालत होतो. तो हलकेच म्हणाला, "किती झाल्या?"

"काय?"

"सुया."

खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "बावीस. कसं कळलं तुम्हांला?"

"म्हातारा थांबला, तरी तुम्ही खोकत होतात." तो ओठांनी हसला. "माझ्या नव्वद झाल्या. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, बरा आहेस. पावसाळ्यात थोडं दुखतं. काकांना माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही." मग पंच्याला हात पुसत म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगायचं असेल तर सांगा. मी नाही म्हणणार नाही."

एवढं बोलून तो आत गेला. त्याचं निघालं की माझंही निघणार, हे तो म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती.

मी त्याला बरा ठरवून टाकलं. नव्वद सुयांनंतर माणूस बरा होत नसेल, तर मी कशासाठी टोचून घेत होतो? तो लग्नाला लायक नाही असं म्हणायचं, तर मीही कशालाच लायक नव्हतो. एकोणिसाव्या वर्षी हे कबूल करणं मला जमलं नाही. शिवाय पाहुण्यांनी निघताना सांगितलं होतं, मुलगी पसंत आहे. आई देवापुढे साखर ठेवत होती. दादा कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलत होते.

दिवेलागणीला अक्का माझ्या अंथरुणापाशी येऊन बसली. तिने पंच्याची गाठ सोडली.

"खरं सांग, कसा वाटला?"

"कमी बोलतो."

"ते बरंच. एका जन्मात एक बडबड्या पुरे झाला."

"हसतोही कमी."

"मी हसवीन की." ती पंच्याची घडी घालत होती, उगाचच पुन्हा पुन्हा. "तुला चांगला वाटला ना? तुझी नजर बारीक असते, म्हणून विचारते."

आईने हाक मारली असती, कुणी शेजारीण आली असती, तर आज सांगायला मला सबब झाली असती. कुणी आलं नाही. वेळ भरपूर होता. मी म्हणालो, "चांगला आहे."

मार्गशीर्षात लग्न झालं. माझ्या सुया संपल्या, छातीचा फोटो स्वच्छ आला, मी कॉलेजात परत गेलो. तो मनाने खरोखरच चांगला होता, हे इथे लिहिलंच पाहिजे. अक्काला त्याने पुढच्या परीक्षेला बसवलं, रात्री स्वतः शिकवलं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्यात तो पडला. पुन्हा सुया, पुण्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात खाट, आणि खाटेशेजारी अक्का. मी रविवारी जायचो आणि वॉर्डात नकला करायचो. सगळ्या खाटा हसायच्या. तो ओठांनी हसायचा. एकदा म्हणाला, "तो साक्षीचा म्हातारा करा ना." मी म्हणालो, विसरलो. नवरात्रात तो गेला.

अक्का परत आली. त्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढली नाही. शेजाऱ्यांच्या घरून फराळाची ताटं आली ती झाकलेलीच राहिली. भाऊबीजेच्या दुपारी ती अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. दोन वर्षं जे वाक्य मी घोळवत होतो, ते अगदी साधं निघालं.

"अक्का, मला ठाऊक होतं. बघायला आले त्याच दिवशी."

तिचे हात थांबले नाहीत. "तुला ठाऊक होतं हे मलाही ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तुझ्या भावाला मी मोकळीक दिली होती. तरी तू हो म्हणालीस, म्हणजे तुला सगळं कळलंय आणि चालतंय, असं मी धरून चाललो. त्यामुळे माझ्यावरचं फार मोठं ओझं उतरलं, असं म्हणत होते बिचारे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो, त्याने सांगितलं होतं मला. चालतंय."

एक शेंग किडकी निघाली. ती तिने बाजूला टाकली.

"तू विचारलं असतंस तरी मी कदाचित हेच म्हणाले असते," ती म्हणाली. "आज काही सांगता येत नाही. पण विचारायचं होतंस रे. जन्मात कधी तोंड मिटलं नाहीस, आणि मिटलंस ते नेमकं तेव्हा."

शेंगा बऱ्याच होत्या. आम्ही दोघांनी सगळ्या सोलल्या.