दगडांच्या खोलीचं कुलूप

सकाळचे साडेआठ वाजले होते. दुधाचं पातेलं विसळून पालथं घातलेलं, मामंजींचा दुसरा चहा झालेला, आणि खिडकीच्या कट्ट्यावरचे मुलाचे दगड पुसण्याचं तिचं रोजचं काम चाललेलं. एकोणतीस दगड होते. मुलाने प्रत्येकावर बारीक अक्षरात आकडा टाकला होता. तो आकडा पुसला जाऊ नये म्हणून ती फडकं फिरवत नसे, नुसतं टेकवत असे. मामंजींची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती, पण घरातली फडक्याची हालचालसुद्धा त्यांच्या कानातून सुटत नसे.

"झाली का दगडांची आंघोळ?" त्यांनी विचारलं.

"होत आली."

"माझ्या आईनेही मला कधी एवढ्या मायेने न्हाऊ घातलं नव्हतं."

गल्ली तिला चावीवाली म्हणे. गल्लीच्या तोंडाशी, एक माणूस बसेल आणि अर्धा उभा राहील एवढी टपरी होती. आधी तिथे मामंजी बसत, मग तिचा नवरा बसू लागला. मुलगा आठ वर्षांचा असताना नवरा गेला. पंधरा दिवसांनी मामंजींनी तिला हाताला धरून टपरीत नेऊन बसवलं आणि समोर एक गंजकं कुलूप ठेवलं. पण शिकवणी हातापासून सुरू झाली नाही, पाठीपासून सुरू झाली. कुणाच्या घरचं दार उघडून दिलं की लगेच भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मालक आत जाईपर्यंत वळायचं नाही, हे त्यांनी आधी घोकून घेतलं, कानस हातात दिली ती नंतर. बारा वर्षांत तिने हा नेम मोडला नव्हता. कुणाच्या घरात काय आहे याची चौकशी तिच्याकडे करणाऱ्या बायका केव्हाच कंटाळून गेल्या होत्या.

मुलगा आता वीस वर्षांचा होता आणि विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. विषय भूगर्भशास्त्र. त्या विद्यापीठात ज्याला जागा मिळेल त्याला फी नसे, मग तो बंगल्यातून येवो की टपरीतून. हे तिच्या कानावर आलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. प्रवेशाच्या दिवशी ती मुलाबरोबर गेली तेव्हा पिशवीत पाकीट घेऊनच गेली. खिडकीतल्या कारकुनाने कागद तपासले, शिक्का मारला आणि म्हणाला, झालं, जा.

"आणि फी?" तिने विचारलं.

"फी नाही."

ती हलली नाही. आयुष्यात तिला असं कुणी काही दिलं नव्हतं. कारकुनाला ऐकू आलं नसावं असं समजून ती खिडकीत जरा वाकली आणि म्हणाली, "नाही म्हणजे किती?"

मागची सगळी रांग हसली. कारकूनही हसला, कुचेष्टेने नाही, पण हसलाच. मुलगा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याने तिचं कोपर धरलं, "आई, चल," म्हणाला, आणि घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. त्या वाटेवरच तिने मनाशी ठरवून टाकलं की पोराच्या या नव्या जागी आपण पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून लोखंडी सामानाच्या दुकानात जायचं तर ती लांबच्या रस्त्याने जाई, कारण जवळचा रस्ता विद्यापीठाच्या फाटकावरून जात होता. पालकांना बोलावण्याचा एक दिवस असे. मुलाने दोन्ही वर्षं आग्रह केला. दोन्ही वर्षं तिच्याकडे नेमकी त्याच दिवशी महत्त्वाची कामं निघाली.

अभिमान तिला नव्हता असं नाही. कोणत्या वारी त्याचा कोणता तास असतो हे तिला पाठ होतं. तो मोठ्याने वाचू लागला की ती नळ बंद करून हातातली भांडी तशीच ठेवी. पण बाहेर कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर "शिकतोय" एवढंच म्हणून कानस जरा जास्त जोराने चालवी. जाहिरातीचं खातं मामंजींकडे होतं. न्हावी, दूधवाला, औषधांच्या दुकानातला माणूस, सगळ्यांना त्यांनी सांगून झालं होतं, आणि फोनवर चुकून कुणी लागला तर त्यालाही ते नातवाचा विषय समजावून सांगत. समोरची कापडवाली बाई मात्र किल्ली करून घ्यायला आली की न चुकता म्हणे, आमच्या मुलीच्या कॉलेजची फी ऐकलीत तर चक्कर येईल तुम्हाला. तुमचं बरं आहे हो, सगळं फुकटात. चावीवाली म्हणे, "हो, बरं आहे," आणि किल्ली तिच्या हातावर ठेवी.

एकोणतिसावा दगड जागेवर ठेवला आणि दार वाजलं.

निळ्या गणवेशातला एक माणूस धापा टाकत उभा होता. विद्यापीठातला शिपाई. तुटक तुटक बोलत त्याने सांगितलं ते असं: विभागातली दगडांची खोली उघडायला गेला, तर किल्ली कुलपातच मोडली. दहाला प्रात्यक्षिक परीक्षा, आणि परीक्षेचे सगळे दगड आत. नेहमीचा कुलूपवाला उद्याशिवाय येत नाही. तुम्ही चला.

"माझा पत्ता कुणी दिला?"

"एका विद्यार्थ्याने. चला बाई लवकर, नाहीतर पहार घालतील दाराला."

एका विद्यार्थ्याने. तो विद्यार्थी कोण हे तिला विचारावं लागलं नाही. आज परीक्षा म्हणून सातलाच घराबाहेर पडला होता. पत्ता दिला, पण आईचा म्हणून दिला नाही, चावीवालीचा म्हणून दिला. तिला राग आला नाही. जुनं दुखणं जिथे दुखायचं तिथेच दुखलं, एवढंच. त्याला जसं हवं तसं, असं म्हणून तिने पिशवी उचलली.

"अगं, नातवाच्या विद्यापीठात चाललीस, चांगलं काहीतरी नेस तरी," मामंजी म्हणाले.

"कामाला चालले आहे, मामंजी."

विभागाचा लांबलचक बोळ होता, दोन्ही बाजूंना बंद दारं आणि टोकाला एक उंच खिडकी. वीसेक मुलंमुली भिंतीला टेकून वह्या चाळत उभी होती. विभागाच्या प्रमुख बाई, पिकल्या केसांच्या, मनगटावरचं घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होत्या. चावीवाली दारापाशी पोचली तसा मुलगा घोळक्यातून पुढे झाला. त्याचा चेहरा उजळला होता, पण तिने चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

"आई," तो म्हणाला.

ती खाली बसत पिशवी उघडत होती. मान वर न करता म्हणाली, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तो तिथेच थांबला. मग बाजूला झाला. मुलं एकमेकांकडे बघू लागली, पण तोवर तिचं बोट कुलपाच्या तोंडावर फिरू लागलं होतं आणि एकदा तिथे बोट गेलं की तिला दुसरं काही दिसत नसे.

कुलूप जुनं होतं, दारातच बसवलेलं, वजनदार. मोडलेला तुकडा आत अर्ध्या फेऱ्यात अडकला होता. तिने पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड आत फुंकली. करवतीच्या तुटक्या पात्याचं घासून बारीक केलेलं टोक तुकड्याच्या कडेने सरकवलं, डोळे मिटले, आणि दाराला कान लावून बसली. टोक दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा दातात धरल्यासारखं बसलं. तुकडा ओढायचा नाही, आधी सरळ करायचा, मामंजींचा हात अजून तिच्या हातावर असल्यासारखा होता. साडेनऊला तुकडा बाहेर आला. दोन्ही तुकडे जोडून पकडीत धरले, पिशवीतली एक कोरी किल्ली शेजारी लावली आणि कानस चालवायला घेतली. दहाला आठ मिनिटं असताना नवी किल्ली कुलपात गेली, फिरली, आणि दार कुरकुरत उघडलं.

ती उठली आणि सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मुलं एकेक करून तिच्या पाठीमागून आत जाऊ लागली. त्यातल्या एका बुटाचा तळवा चालताना वाजतो हे तिला ठाऊक होतं. तो बूट तिच्या पाठीशी येऊन थांबला. कुणीतरी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा. ती वळली नाही. मग बूट वाजत आत गेला.

प्रमुख बाईंनी मागून तिच्या खांद्याला हात लावला. कार्यालयात या, म्हणाल्या, सही करा, तुमच्या कामाचे पैसे घ्या.

"नको. तुम्ही इथे कुणाकडून काही घेत नाही, मी कसं घेऊ?"

बाई हसल्या. "तो म्हणालाच होता, आई पैसे घ्यायची नाही."

"कोण म्हणालं?"

"तुमचा मुलगा. सकाळी मी पहार आणायला पाठवत होते, तर दारासमोर हात आडवे करून उभा राहिला. दार फोडू नका म्हणाला, माझ्या आईला बोलवा." बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं. "आम्ही सगळे तुम्हाला ओळखतो हो. पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला विचारते, इकडे कसा वळलास. तो म्हणाला, माझी आई डोळे मिटून बोटांनी कुलूप बघते, मी दगड तसे बघायला शिकलो. आम्हाला वाटायचं, एकदा तरी याल."

दहाचा टोला पडला. बाई आत गेल्या आणि दार लागलं.

बोळात एक बाक होता, त्यावर ती बसली. टपरी उघडायची वेळ केव्हाच टळली होती. दाराच्या पलीकडे तिचा मुलगा हातात दगड घेऊन बसला असेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे आईची पाठ असेल. परक्यांच्या घराकडे फिरवायची पाठ आपण आज वर्गादेखत पोटच्या पोराकडे फिरवली. शिपाई तिच्यासाठी चहा घेऊन आला. तिने त्याला विचारलं, तुम्हाला त्याने नेमकं काय सांगितलं होतं? शिपाई म्हणाला, आईला घेऊन या म्हणून सांगितलं. मग तुम्ही विद्यार्थी का म्हणालात? "विद्यार्थीच की तो," शिपाई म्हणाला. चहा तिच्या हातात गार झाला.

बाराला दार उघडलं. तो सगळ्यांच्या शेवटी आला. ती अजून तिथे असेल असं त्याला वाटलं नसावं. बघून थबकला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

"कशी गेली?"

"बरी. एक दगड नाही ओळखता आला."

"माझ्यामुळे."

तो नाही म्हणाला नाही.

"मी हाक मारली होती, आई."

"ऐकली."

"मग?"

तिने सांगितलं. खिडकी, रांग, त्याचे लाल कान, घरापर्यंतचा अबोला. तुला माझी लाज वाटली असं समजून बसले, म्हणाली. आज शिपायाने विद्यार्थी म्हटलं, मला वाटलं चावीवाली म्हणूनच बोलावलंस, तर तसंच वागावं.

"लाज वाटली होती," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "तुझी नाही. लोक हसले आणि मी गप्प राहिलो, त्याची. काय बोलावं ते घर येईपर्यंत सुचलं नाही, आणि घर आल्यावर बोलायचं राहून गेलं." मग म्हणाला, "पालकांच्या दिवशी तू कामाला गेली नव्हतीस. आजोबांनी सांगितलं मला. दिवसभर टपरीत नुसती बसून होतीस. मला वाटलं, टपरी सोडून दगडांच्या नादी लागलो म्हणून तुझा राग आहे."

"राग कसला रे," ती म्हणाली. "गल्लीत मी कुणाजवळ बोलत नाही, कारण एकदा बोलायला लागले तर थांबायची नाही."

त्याला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. त्याने हात पुढे करून तिची पिशवी घेतली, मांडीवर ठेवली आणि आतली हत्यारं न वाजता नीट बसवली, लहानपणी टपरीत करायचा तशी.

बोळाच्या टोकाला कार्यालयाचं दार उघडं होतं. आत प्रमुख बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत होत्या आणि चारपाच मुलं त्यांच्याशी काहीबाही बोलत उभी होती.

"चल, घरी जाऊ," मुलगा उठत म्हणाला. "आजोबा वाट बघत असतील."

ती उठली, पण जिन्याकडे वळली नाही.

"आधी तिथे चल," कार्यालयाकडे बघत ती म्हणाली. "मी तुझी कोण, ते त्या सगळ्यांना सांग. त्यांना माहीत आहे, ते कळलं मला. पण माझ्यादेखत एकदा सांग."