कंपनीला हवी होती ती शांतता

कुरुळीतल्या त्या गच्चीवर मी पहिल्यांदा योग शिकवायला उभी राहिले, तेव्हा शवासनाचं नाव काढायच्या आधीच निम्म्या बायका झोपल्या होत्या. चटईवर पाय लांब केले आणि गेल्या. मला रागच आला. दापोडीहून बस, भोसरीला उतरून शेअर रिक्षा, असं करत रविवारची सकाळ मोडून मी आले होते, तेही फुकट शिकवायला, आणि इथे कुणीतरी घोरत होतं.

घरमालकीण जिन्याशी बसून मेथी निवडत होती. तिच्या सासरची जमीन कंपन्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून त्या कामगार बायकांना भाड्याने दिलेल्या. गच्ची तिनेच देऊ केली होती. ती म्हणाली, "निजू द्या की ओ बाई. रातपाळी करून आल्यात. जाग्या व्हतील तवा शिकवा."

मी थांबले. जाग्या झाल्यावर त्या ओशाळल्या, आणि मग मनापासून शिकल्या. सगळ्या एकाच कंपनीतल्या, चाकणच्या रस्त्यावरच्या. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. समोरून पट्टा सरकत राहतो, त्यावरच्या फळ्यांवर वायरी लावत उभं राहायचं. पाळीभर उभं. त्यांच्या पोटऱ्यांना हात लावला तर दगड लागायचा. रविवारमागून रविवार गेले. त्यांच्या पाठी मोकळ्या झाल्या, झोप लागायला लागली. एक तर म्हणाली, "मॅडम, लेकराला मारायचं बंद झालं माझं." शिकवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

मी स्वतः हे शिकले वडिलांकडून. ते पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. पहाटे विहारात फरशीवर बसून श्वास बघायचे, मलाही शेजारी बसवायचे. आणि संपाच्या दिवसांत त्याच माणसाला गेटवर घसा फुटेपर्यंत घोषणा देताना मी पाहिलंय. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं त्यांना कधी वाटलं नाही. मलाही नाही.

एका रविवारी मी पाण्याविषयी सांगत होते. उठल्यावर कोमट पाणी प्या, दिवसभर घोट घोट पीत राहा, असं नेहमीचंच. तर सगळ्या हसायला लागल्या. एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसल्या. मला कळेना काय चुकलं. मग बीडकडची एक होती, सगळ्यांत बोलकी, उसाच्या फडातून सुटून इकडे आलेली, ती म्हणाली, "मॅडम, पाणी पेतच नाही आम्ही ड्युटीवर. पेलं की जावं लागतंय. अन् जाऊ कोण देतंय?"

पट्टा थांबवता येत नाही. लघवीला जायचं तर हात वर करायचा, बदली बाई आली की जायचं. सगळ्या लाइनीला बदली बाई एकच, आणि तीही कुणी गैरहजर असलं की तिच्या जागेवर अडकलेली. हात वर करून करून खांदा दुखतो, पण कुणी येत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत काय करता, असं मी विचारलं. हसणं थांबलं.

त्या दिवशी मी प्राणायाम घेतला नाही. मला स्वतःलाच श्वास सापडत नव्हता.

थोड्या दिवसांनी त्याच कंपनीतून मला फोन आला. बायका ताज्यातवान्या दिसतात, कुणाकडे शिकता असं लाइनवर विचारणं झालं होतं, आणि माझं नाव वरपर्यंत गेलं होतं. पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना थोडा वेळ ध्यान शिकवाल का? मी हो म्हणाले. म्हटलं, आत पाय ठेवला की बोलता तरी येईल.

कामगारांचं खातं बघणारा साहेब तरुण होता, गोड बोलणारा. टेबलावर उंच पारदर्शक बाटली. कोणत्या वेळेपर्यंत किती पाणी प्यायचं त्याच्या खुणा तिच्यावर छापलेल्या. बोलता बोलता तो घोट घेत होता. मी पहिल्याच भेटीत बदली बाईचा विषय काढला. तो म्हणाला, "मॅडम, ते प्रॉडक्शनचं आहे, माझ्याकडे येत नाही. तुम्ही माइंडसेटवर काम करा."

तरी मी जात राहिले. कॅन्टीनची बाकं सरकवून बायकांना बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं. मला रोज बोलवायला नको म्हणून त्यांनी एकदा माझा आवाज रेकॉर्डही करून घेतला. मी येणार नसेन त्या दिवशी लावायला, असं म्हणाले.

मग बीडकडची ती लाइनवर कोसळली. तापाने फणफणलेली, कंबर धरून. भोसरीच्या दवाखान्यात मी तिला बघायला गेले. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या की लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय, या भागातल्या बायका अशाच येतात, लघवी तुंबवून तुंबवून. ती कॉटवर पडल्या पडल्या मलाच समजावत होती, "काही नाही हो मॅडम, उतरंल ताप."

तिथून मी थेट कंपनीत गेले. साहेबाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, आणि मग पुढे झुकून, आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, योगात असं काही असेल ना? कंट्रोल वाढवणारं? एखादा बंध, एखादी मुद्रा... म्हणजे बायकांना सारखं जावं लागणार नाही."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. त्यात त्याला काही लाज नव्हती. त्याला वाटत होतं, आपण मार्ग काढतोय.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, बाईला मुतू न देणं याला योग म्हणत नाहीत. याला छळ म्हणतात. तुमच्या आईला शिकवाल का ही मुद्रा?"

बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर ध्यान शिकवता. तुम्हीच एवढं चिडलात तर कसं?"

"ध्यान करते म्हणूनच दिसतंय मला," मी म्हणाले. "तुम्हीही डोळे मिटून बसा एकदा. आणि बसण्याआधी ती बाटली संपवा, आणि दुपारच्या जेवणापर्यंत जागेवरून उठू नका."

दुसऱ्या दिवसापासून मला गेटच्या आत सोडलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. पण रविवारी गच्चीवर बायकांनी सांगितलं की ध्यान बंद झालेलं नाही. माझं रेकॉर्डिंग लावतात. रोज, प्रत्येक पाळीला. माझाच आवाज त्यांना सांगतो, शांत व्हा, सोडून द्या, जे आहे ते स्वीकारा. माझ्या वडिलांनी दिलेली गोष्ट, आणि ती या माणसांनी बायकांच्या तोंडात बोळ्यासारखी कोंबायला घेतली होती. फोन केला, रेकॉर्डिंग बंद करा म्हणून सांगितलं. "ते आता कंपनीचं आहे," एवढंच उत्तर मिळालं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, बायकांनी सांगितलेलं आहे. बीडकडची बरी होऊन कामावर परत आली त्या आठवड्यातली गोष्ट. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी मी नेहमीचं वाक्य म्हटलेलं आहे, की घाई नाही, तुम्हाला आतून वाटेल तेव्हाच डोळे उघडा. त्या सकाळी आवाज थांबला, भोंगा वाजला, आणि कुणीच डोळे उघडले नाहीत. पन्नासेक बायका मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. आत पट्टा सुरू झाला आणि फळ्या रिकाम्या सरकायला लागल्या. लाइन लीडर ओरडला. कुणी हललं नाही. सुपरवायझर आला, मग साहेब धावत आला. अंगाला हात लावायची हिंमत कुणाची होईना.

"चाललंय काय हे? उठा!" साहेब म्हणाला.

मिटल्या डोळ्यांनी बीडकडचीच बोलली, "मॅडमनीच सांगितलंय, घाई नाही. लाइनीला बदली बाया वाढवा, मग उघडू डोळे."

हे सांगताना गच्चीवरच्या बायकांचे चेहरे बघायला हवे होते. त्या सकाळी त्या प्रचंड घाबरलेल्या होत्या. एक म्हणाली, श्वास मोजत बसले म्हणून टिकले, नाहीतर पहिल्या हाकेला उठले असते. घरमालकीण म्हणाली, "व्हय गं, अशीच बसायला पायजे व्हतं आमी, जमिनी मोजायला आले तवा."

शेवटी कंपनीने बदली बायका वाढवल्या. पिण्याच्या पाण्याचे जार लाइनीजवळ आले. माझं रेकॉर्डिंग वाजायचं थांबलं, ध्यानही थांबलं. आणि बीडकडच्या तिचं कामाचं कंत्राट संपलं तेव्हा ते पुढे चालू झालं नाही. काम कमी आहे, असं तिला सांगण्यात आलं. तिच्याच जागेवर दुसरी नवी मुलगी उभी केली.

दापोडीत ओळखीचे लोक मला म्हणतात, तुझ्या योगाने केवढं मोठं काम झालं. मला हे ऐकवत नाही. लघवीला जाता यावं एवढ्यासाठी एका बाईला आजारी पडावं लागलं आणि नोकरी गमवावी लागली, याला मोठं काम म्हणायचं? ज्याने तो मुद्रेचा प्रश्न विचारला तो साहेब त्याच खुर्चीत बसलाय. रोज सकाळी मी बसते, श्वास बघते, आणि राग तिथेच असतो. त्याला हुसकावून लावायचं मी सोडून दिलंय.

बीडकडची आता भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुट्या भागांचे खोके भरते. गच्चीवर अजून येते, तिकडच्या दोघी-तिघींना घेऊन. परवा म्हणाली, तिथं जायला कुणी अडवत नाही, पण संडासाच्या दाराला कडी नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार ओढून धरायचं. ती हे हसत सांगत होती. मी म्हटलं, "हसू नकोस. मालकाला कोण कोण सांगायला जाणार ते आधी ठरवा. आसनं नंतर घेऊ."