गुंडू आणि आडवी रेघ

येळ्ळुरात गुंडू गप्प झाला की लोक आधी करंट आहे का बघतात.

आठवडाभर गुंडू उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर असतो. मशीनच्या आवाजात बोलायची सोय नाही, म्हणून साठलेलं सगळं तो रविवारी माईकवर काढतो. कुस्तीचं मैदान असो, गाडा शर्यत असो, कुणाची हळद असो. "आणि बघा मंडळी बघा काय ती मांडी काय तो शड्डू लाल लांगेवाला आत शिरला निळा लांगेवाला मागं सरला बर्री अण्णा बर्री या बसा ती मोटारसायकल बाजूला घ्या पट काढला पट काढला आणि च्यावाल्यानं कुस्ती हुईस्तोवर किटली हालवू नये!!!" एवढं सगळं एका दमात. शेवटची तीन उद्गारचिन्हं ऐकूही येतात.

त्याला ऐकायला आजूबाजूच्या गावची माणसं येतात. टिकत नाही तो एकच, त्याचा बाप. भावकू आप्पा जुने पैलवान. ते पुढच्या रांगेत येऊन बसतात, गुंडूनं "मंडळी" म्हटलं की उठतात, धोतर झटकतात आणि चालायला लागतात. "डोस्कं उठलं," एवढंच. गुंडू माईकवरून त्यांची पाठ बघत असतो, तोंड चालूच ठेवून. पैलवानांच्या पाठी त्यानं पुष्कळ वर्णिल्या. ही तेवढी राहिली. आप्पांनी एकदा तरी शेवटपर्यंत बसावं, यापलीकडं त्याचं देवाकडं काही मागणं नव्हतं.

यंदा गल्लीतल्या तरुण मंडळानं एक दिवसाचं साहित्य संमेलन घेतलं. त्यात लेखनस्पर्धा होती, विषय 'आमच्या घरातलं माणूस'. पहिला नंबर गुंडूच्या बायकोचा, दिपालीचा आला. तिनं आप्पांवर लिहिलं होतं. आता मंडळाची रीत अशी, की पहिला आलेला लेख माईकवर वाचायचा, आणि माईक म्हणजे गुंडू.

"मीच वाचीन की," दिपाली म्हणाली.

"वैनी, तुमी निवांत खाली बसून ऐका," अध्यक्ष आण्णाप्पा म्हणाले. "माईक सोपा नसतोय. त्येला सवय लागती."

"बरं," दिपाली म्हणाली. तिचं हे 'बरं' ऐकलं की घरातलं मांजर बाहेर जातं. आण्णाप्पांना ते माहीत नव्हतं.

घरी येऊन तिनं लेख पुन्हा उतरवून काढला. शब्द एकही बदलला नाही, मधल्या खुणा तेवढ्या बदलल्या. मग तो गुंडूपुढं ठेवला. आप्पा शेताकडं गेले होते.

गुंडूनं कागद उलटसुलट करून बघितला. "उद्गारचिन्ह एकबी न्हाय?"

"न्हाय."

"मग मी तितं हुबा ऱ्हाऊन करू काय?"

"थांबायचं," दिपाली म्हणाली. "ह्यो स्वल्पविराम. पैलवान दम घेतोय. पूर्णविराम आला की चितपट, कुस्ती निकाली. आन् ही तीन टिंबं म्हंजे खडाखडी. दोघं गोल फिरत्यात, हात कोण घालत न्हाय."

हे गुंडूला पटलं. "आन् ही आडवी रेघ?"

"ते आप्पा."

"आं?"

"आप्पा बोलत न्हाईत बघा, ते. तितं तुमी बी बोलायचं न्हाय. बोट ठेवायचं रेघंवर आन् गप्प ऱ्हायाचं."

"किती येळ?"

"तुमास्नी लई झालं असं वाटलं की अजून तेवढंच."

संमेलनादिवशी आप्पा पुढच्या रांगेत बसले होते, हात गुडघ्यांवर, उठायच्या तयारीत. गुंडूनं "मंडळी" म्हटलं नाही. कागद धरला आणि सुरू केलं.

"आप्पा सकाळी अंगणात येतात. बसतात. तांब्या, पाणी, ओंजळ. आधी कान धुतात... मैदानात मोडलेला कान, त्याला अजून हळूच हात लावतात... म्हैस त्यांच्याकडं बघते. ते म्हशीकडं बघतात. आधी कोण बोलणार —"

गुंडूनं रेघेवर बोट ठेवलं आणि थांबला.

मंडपातल्या माणसांनी वर पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता, पण खात्री कुणाला? माईकवाल्या शामूनं एवढ्या वर्षांत गुंडूला एकाच कारणानं गप्प झालेलं बघितलं होतं. "करंट गेलं रं!" म्हणत तो मंडपामागं पळाला आणि त्यानं जनरेटरची दोरी ओढली.

जनरेटर धडधडायला लागला. आप्पा उठले. धोतर झटकलं.

गुंडूच्या घशाशी "मंडळी" आलं. मंडळी, टाळ्या, लाल लांग, निळी लांग, सगळंच आलं. बोट रेघेवर होतं, ते त्यानं दाबून धरलं. आप्पांची पाठ बाहेर जाताना दिसली. नेहमीची वाट मात्र त्यांनी धरली नाही, ते मंडपामागं वळले.

"शाम्या, बंद कर ते!" हा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. माईक नव्हता. "करंट हाय. पोरगं थांबलंय."

जनरेटर बंद पडला. आप्पा परत येऊन जागेवर बसले. "हं," म्हणाले.

"दोघंही बोलत नाहीत," गुंडूनं पुढचं वाचलं. मंडपात कुणीतरी हसलं. मग बरेच जण. आप्पा म्हशीसारखेच समोर बघत राहिले.

लेखाचा शेवट असा होता: "या घरात आले त्या दिवशी आप्पांनी मला विचारलं, च्या पिलीस काय गं? पुढं दुसरं काही विचारलं नाही. रोज हेच विचारतात. आणि माझं उत्तर येईपर्यंत दारातून हलत नाहीत —"

शेवटी पूर्णविराम नव्हता. गुंडूनं शोधला, कागदाच्या मागंसुद्धा बघितलं. मग बोट रेघेवर ठेवून उभा राहिला. टाळ्या वाजवा म्हणणारा तोच, त्यामुळं टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. शामू दोरीकडं बघत होता, पण त्यानं हात पाठीमागं बांधून घेतले होते.

"संपलं काय वो?" आण्णाप्पांनी हळूच विचारलं.

आप्पा खुर्चीतच वळले. मागं बायकांच्या रांगेत दिपाली बसली होती.

"च्या पिलीस काय गं?"

"व्हय, आप्पा."

मग आप्पा उठले, धोतर झटकलं आणि चालायला लागले. गुंडूनं त्यांची पाठ पार गल्लीच्या वळणापर्यंत बघितली आणि कागदाची घडी घातली. कार्यक्रम संपला होता.