मेलेल्यांच्या नावांत आमदार

"ए म्हातारे, बस कर आता. मना अजून चार हलदी हायत."

आमदार हे माझ्या आईला म्हणाला. माईकवरून. अख्ख्या मांडवाने ऐकलं.

आई धवलारीण. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाचे विधी ती गाण्याने लावायची. आई ओळ म्हणायची, मी मागून धरायची. त्या संध्याकाळी शेजारच्या सुगंधाची हळद होती. धवल्यात, म्हणजे या गाण्यात, आधी देवांना बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला या म्हणून. सुगंधाचा बाप आदल्याच वर्षी गेलेला. पोरगी पाटावर बसून त्या एका नावाची वाट बघत होती. तेवढ्यात हा आला.

पोरीला पाटावरून उठवलं. अर्धी हळद लागलेली, अर्धी तशीच. साहेबांना शाल घाल, त्याचे कार्यकर्ते म्हणाले. आईपुढचा माईक काढून घेतला. स्वतःच्या विकासकामांवर बोलून झाल्यावर हा आईकडे वळला.

"आता गा. पन पयला माजा नाव घे."

आमचं घर गरजेपोटी बांधलेलं, कागद नसलेलं. ते नियमित करून देतो, असं हा दर निवडणुकीला सांगायचा. आई घाबरली. तिने त्याचं नाव घेतलं. मेलेल्यांच्या नावांत, सुगंधाच्या बापाच्या जागी. गावातच वाढलेला माणूस, पण त्याला पत्ताच नाही. हात जोडून, दात दाखवून निघून गेला.

मांडवात बायका तोंडावर पदर धरून हसल्या. मला हसू आलं नाही. सुगंधा रडत म्हणाली, "काकी, माजा बाबा भाइरच रायला." आई त्यानंतर एकाही हळदीला बसली नाही. पुढे ती गेली. मी गात राहिले. राग तसाच होता.

हा आमदार मूळचा कोण? मांडववाल्याकडे माईक तपासणारा. 'हॅलो, हॅलो, चेक.' तेवढं बोलता यायचं, तेवढ्यावर नगरसेवक झाला, मग आमदार. स्टेशनपासून गावापर्यंत वाढदिवसाचे बॅनर. एकाच शौचालयाची फीत दोनदा कापली. विधानसभेत याने तोंड उघडल्याचं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. याची सगळी मर्दुमकी दुसऱ्यांच्या हळदीत.

मग त्याच्याच मुलीची हळद निघाली. खारघरला, मोठ्या लॉनवर. मला न्यायला गाडी आली. गाडीतला पोरगा म्हणाला, "ताई, शूटिंग आहे. साहेबांना संस्कृती दाखवायचीय." आईचं गाणं अर्ध्यात तोडणाऱ्याला आता संस्कृती आठवली होती. मी गेले. मुद्दाम गेले.

देव झाले. मी त्याच्या घरच्या गेलेल्यांवर आले. आजा, आजी, मग त्याचा बाप. आयुष्यभर मिठागरात राबलेला भला माणूस. त्याचं नाव ओठांवर आलं आणि गेटवर सायरन वाजला. मंत्री आले होते. आमदार धावत माझ्याकडे आला.

"थांब, थांब! पयला मंत्रीसायबांचा नाव घे!"

माईकवाल्याने हात पुढे केला. मी माईक सोडला नाही. माईकवरच बोलले.

"आमदार, यी मेलेल्यांची नावा हायत. तुमचा बाबा दारान उभा हाय. त्याला भाइर ठेवून मंत्र्याला घेऊ काय यात?"

कुणी हसलं नाही. मंत्री शाल हातात धरून तसाच उभा. आमदाराचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्याला कळलं, इतकी वर्षं पहिलं नाव स्वतःचं घ्यायला लावून तो कुठे जाऊन बसला होता. पाटावर त्याची पोरगी तोंड झाकून रडत होती. तिच्यासाठी मी धवला शेवटपर्यंत म्हटला. मंत्र्याला तोवर उभं ठेवलं.

मी निघताना आमदार माझ्या कानाशी आला. "घर हाय ना तुजा गावान? कागद नाय त्याला."

"माहीत हाय," मी म्हटलं.

त्याच्या गाडीत मी परत बसले नाही. बसने आले.

आता हळदीला बसण्याआधी मी घरच्यांना सांगते. धवला चालू असेपर्यंत पोरगी पाटावरून उठणार नाही. माईक कुणाला मिळणार नाही. आमदार आला तर मांडवाबाहेर उभा राहील, चपला काढून. ज्यांना हे जमत नाही त्यांनी धवला त्याच्याकडूनच म्हणून घ्यावा. माझं घर पाडायला त्याने बुलडोझर आणला तरी मी त्याचं नाव घेणार नाही. तो मेल्यावर त्याच्या घरच्यांनी हळदीला बोलवावं, तेव्हा घेईन.